दाखला दिला की पुस्तक परत घरी

वाचनालयात लोक वाचायला कमी आणि बसायला जास्त येतात. मग पुस्तकांवर धूळ साचते आणि सांभाळणाऱ्याकडे किस्से. जळगावात आमच्या चर्चच्या आवारातलं एका खोलीचं वाचनालय मी बँकेतून सुटल्यावर उघडायचो. रंगीत टीव्ही नुकते आले होते, म्हणजे वाचक आणखी पातळ झाले होते.

आमच्या पाळकसाहेबांचा जीव एकाच विषयात. त्रैक्य. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तीन असूनही देव एक. त्यावरचे तीन खंड त्यांनी पहिल्या फळीवर ठेवले होते आणि दिसेल त्याला 'वाचाच' म्हणायचे. नियम एकच. वाचून झाल्यावर काय समजलं ते दाखला न देता, 'अमक्यासारखं' न म्हणता सांगायचं. दाखला दिला की पुस्तक परत घरी न्यायचं, पुन्हा पहिल्यापासून वाचायला. जो पास होईल, त्याने वर्षातून एकदा येणाऱ्या त्रैक्याच्या रविवारी उपदेश करायचा.

आमच्या मंडळीतल्या नानांना तो उपदेश करायचा होता. नाना धुळ्याकडचे, कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झालेले. चर्चच्या बांधकामावर त्यांच्या वडिलांनी विटा वाहिल्या होत्या. त्या भिंतींच्या आत आपण एकदा उभं राहून बोलावं, एवढीच त्यांची इच्छा. पण दाखल्याशिवाय त्यांना पाणीसुद्धा मागता येत नसे.

एकदा म्हणाले, "मानूस एकच शे. पोऱ्यासना बाप, बापना पोऱ्या, बायकोना नवरा."

"पण नाना," पाळकसाहेब म्हणाले, "त्रैक्यातले तिघं एकमेकांशी बोलतात. तुम्ही स्वतःशी बोलता का?"

नानांनी प्रामाणिकपणे विचार केला. "घरवाली घरमा नही ऱ्हायनी, तं बोलस."

पुस्तक परत घरी.

*

सायन्सचे एक मास्तर आले. पाणी, बर्फ, वाफ, असं फळ्यावर शिकवल्यासारखं सांगून मोकळे झाले. पाळकसाहेबांनी शांतपणे विचारलं, "बर्फ असतो तेव्हा वाफ कुठे जाते?"

मास्तर त्या दिवसापासून उपासनेला शेवटच्या बाकावर बसू लागले, दाराजवळ.

*

कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, "आमना दत्त बी तसाच शे ना?" पाळकसाहेबांनी त्याला पहिला खंड दिला. महिन्याने परत आला तो उदबत्तीच्या वासासकट. आत तुळशीचं पान.

"वाचलं का?"

"देवनं पुस्तक शे साहेब. उघडाले भीती वाटनी."

*

माझा मित्र तायडे पोस्टात होता. बौद्ध. देव या विषयाशी त्याचा काही संबंध नव्हता, पण छापलेलं काहीही सोडायचा नाही. फळीकडे बघून एकदा म्हणाला, "तीन खंड आणि पुस्तक एक. साहेब, हा तुम्हीच मांडून ठेवलेला दाखला."

पुढच्या आठवड्यात तिन्ही खंड बाइंडरकडून एकत्र बांधून आले. पुस्तक आता एका हातात मावेना.

तायडेनं तेही वाचून काढलं. "काय समजलं?" "सगळं समजलं. पटलं काहीच नाही."

पाळकसाहेब खूश झाले. दाखला नव्हता! मग त्यांच्या लक्षात आलं, की नियमाने त्रैक्याच्या रविवारचा उपदेश आता तायडेकडे जातो. नानांचा चेहरा उतरला. तायडे म्हणाला, "रविवारी मला सासरी पहूरला जायचंय," आणि सगळेच वाचले. त्या वर्षी पाळकसाहेबांनीच उपदेश केला. नाना दोन रविवार माझ्याशी बोलले नाहीत, कारण तायडेला मी आणला होता. मला वाईट वाटलं.

*

मग नानांची बायको, आमच्या अक्का, आजारी पडल्या. सिव्हिलमध्ये ऑपरेशन ठरलं. नाना पिशवीत ते जाडजूड पुस्तक घेऊन खाटेच्या पायथ्याशी बसून असायचे. पाळकसाहेब सायकलवरून भेटायला आले, तेव्हा मीही तिथे होतो.

अक्का सावद्याकडच्या. संसार झाला तरी नवऱ्याची बोली त्यांनी उचलली नव्हती. म्हणाल्या, "साहेब, उद्या मले आत नेतील. हाक मारू त कोणाले मारू? तिघातला मोकळा कोण हाये?"

पाळकसाहेबांनी पुस्तकाकडे पाहिलं. मग अक्कांकडे. त्या खरोखरच घाबरलेल्या होत्या.

"अक्का," ते हळूच म्हणाले, "माहेरी केळीचा बाग आहे ना? जमिनीतला कंद, वर खोड, त्याला घड. पाणी देताना तुम्ही विचारता का, कोणाला देऊ?"

"नाही. बुडाशी द्याचं. सगळ्याले पोचते."

"मग तसंच."

अक्का कुशीवर वळल्या आणि झोपल्या. नानांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि दोन्ही हातांनी पाळकसाहेबांपुढे धरलं. पाळकसाहेबांनी ते घेतलं आणि सायकलच्या कॅरिअरला लावून घरी नेलं.

ऑपरेशन नीट झालं. त्रैक्याच्या रविवारी अक्का बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर होत्या. पुरुषांच्या बाजूला पाळकसाहेब, मांडीवर ते पुस्तक. इस्त्रीचा सदरा घालून नाना वर जाऊन उभे राहिले. एकदा भिंतीकडे पाहिलं.

"पाळकसाहेबनं वाचन आजून चालू शे," ते म्हणाले. "तोवर मी बोलस."