रेसच्या गाडीची खांदशेकणी

यवतमाळ जिल्ह्यात व्यावसायिक रेसिंग ड्रायव्हर आजवर एकच झाला, आणि तो मी. माझं पुढे काय झालं हे कळल्यावर दुसऱ्या कोणाची हिंमत झाली नाही.

रेसिंगमध्ये गाडी पळवता येणं हा तसा किरकोळ भाग. खरी गोष्ट म्हणजे तुमच्या मागे पैसा लावणारा माणूस. (घाटंजीत माझ्या मागे आजवर फक्त कुत्री लागली होती!) एक-दोन हंगाम मी दूर तमिळनाडूत ट्रॅकवर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. मग पुण्याच्या टीमने स्पष्ट सांगितलं, प्रायोजक आण आणि सीट घे, नाहीतर घरी बस. घरी बसायच्या नुसत्या कल्पनेने मला घाम फुटला, कारण घरी बाबा होते.

बाबा एकेकाळचे नावाजलेले धुरकरी. शंकरपटाच्या शर्यतीत बैलजोडी पळवावी तर त्यांनीच. माझ्या कारकिर्दीबद्दल त्यांचं मत ठाम होतं.

"पट्टे बांधून बसाचं अन् पाय दाबाचा. पयते थे गाडी! याच्यात तुयं काय कर्तब?"

गुडघे गेले तेव्हा बाबांनी जोडी विकली. त्यानंतर पोळा आला की ते दिवसभर रिकाम्या गोठ्याकडे बघत बसायचे. आम्ही कोणी त्यांच्याशी त्या दिवशी बोलत नसू.

अखेर यवतमाळचे एक जिनिंगवाले शेठ तयार झाले. त्यांची अट एकच. "पयले मी सोता बसून पाह्यतो. मंगच गाडीवर नाव लावतो." टीमची गाडी ट्रकवरून नागपूरला प्रदर्शनासाठी चाललीच होती. ती वाटेत यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला उतरवायची, औद्योगिक वसाहतीच्या सरळ रिकाम्या रस्त्यावर शेठना एक फेरी मारून आणायची, की माझा हंगाम पक्का! मुहूर्त शेठच्या ज्योतिषाने काढला. त्याने शेठचे सगळे ग्रह पाहिले, पण सण पाहिला नाही. दिवस निघाला पोळ्याच्या आधीचा, म्हणजे खांदशेकणीचा.

वर्षभर जू ओढणाऱ्या बैलाच्या खांद्याला त्या दिवशी पळसाच्या पानाने तूप-हळद लावतात, शेकतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. मग पोळा होईपर्यंत त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. हे मला लहानपणापासून पाठ आहे. दुर्दैवाने बाबांनाही आहे.

आई-बाबा घाटंजीहून एसटीने आले. आईने माझं हेल्मेट आधीच ट्रॉल्यांवर नावं लिहिणाऱ्या पेंटरकडून रंगवून घेतलं होतं. त्यावर लाल ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, "निलेश वामनराव ढगे, मु. पो. घाटंजी, जि. यवतमाळ."

"आई, एवढं कायले लिवलं?"

"हरपलं तं कोनी आनून तं देईन!"

दुपारी टीमच्या मेकॅनिकने गाडी उतरवून चारही टायरना विजेवर तापणारी पांघरुणं गुंडाळली. बाबा हाताची घडी घालून बराच वेळ बघत राहिले.

"हा काय करून राह्यला रे?"

"टायर शेकून राह्यला, बाबा. गरम असले म्हंजे रस्ता धरतात."

"म्हंजे खांदशेकणीच!"

"हो, तसंच समजा," मी म्हणालो आणि शेठना आणायला फाट्यावर गेलो. (तसंच समजा! माझ्या कारकिर्दीच्या मयताला मीच असा खांदा दिला.)

मेकॅनिक तेवढ्यात चहाला गेला. पुढचं मला आईने नंतर सांगितलं. बाबा म्हणाले, "याईले शेकता येते, पन तूप कुठी हाय? बिचाऱ्या गाडीले कोरडंच शेकून राह्यले!" आईने पुरणपोळीसाठी आणलेला घरच्या तुपाचा डबा उघडला. बाबांनी पळसाची पानं तोडून आणली, पांघरुणं बाजूला केली आणि चारही टायरना मायेने तूप-हळद चोळली. तूप जिरावं म्हणून पांघरुणं पुन्हा घातली. मग गाडीपुढे हात जोडून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी परतलो तो शेठची घाई. मुहूर्त टळत होता आणि मेकॅनिक चहावरून आला नव्हता.

"तू बस, पांघरुनं मी काढतो," बाबा म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी माझ्या गाडीला हात लावला होता! मला भरून आलं. डोळ्यांत पाणी आल्यावर माणूस टायरचा रंग कशाला बघतो?

मी पाय दाबला. इंजिन गरजलं, चाकं गरगरली, गाडी जागची हलली नाही. आतमध्ये साजूक तुपाचा घमघमाट सुटला.

"कोनी शिरा करून राह्यलं काय बे?" शेठनी विचारलं.

तेवढ्यात गाडी निघाली. आडवी!

"शेठ, घट्ट धरा!"

"काय धरू? तुलेच धरलं हाय!"

मी स्टेअरिंग डावीकडे फिरवलं, गाडी उजवीकडे गेली. उजवीकडे फिरवलं, तरी उजवीकडेच गेली! रस्ता संपला, नाली ओलांडली आणि आम्ही सोयाबीनच्या वावरात काळ्या चिखलात पोटापर्यंत रुतलो. शेठ खिडकीतून बाहेर पडले. त्यांचे पांढरे कपडे आता पांढरे नव्हते.

"अन् मायं नाव कुठी लावतं आता? या गाऱ्यात?" एवढं बोलून ते गेले. माझा हंगामही त्यांच्यासोबत गेला.

ट्रॅक्टरवाला आला, वावर बघून म्हणाला, "मी बी फसतो, भाऊ. बैलच पायजे." मी बाबांकडे धावलो.

"बाबा, कोनाची जोडी मागा ना!"

"आज? खांदे शेकले त्याईचे! पोळा झाल्याबिगर जू ठेवतेत का?" मग जरा लाजत म्हणाले, "अन् तुया गाडीचीबी शेकणी झाली ना. तिलेबी आराम हाय."

"कोनं केली?"

"म्याच!"

रागाने माझं डोकं फिरलं होतं, पण जोडी विकल्यापासून बाबा इतके खूश दिसले नव्हते. मी हेल्मेटची काच खाली केली आणि आत मनसोक्त रडलो.

पोळ्याच्या दिवशी गाडी वावरातच होती. आसपासच्या लोकांनी तिला झूल घातली, आईने बॉनेटवर पुरणपोळी ठेवली. (आवतन दिलं होतं ना!) त्याच दुपारी टीमचा फोन आला, सीट दुसऱ्याला दिली म्हणून. उरलेली पुरणपोळी मी खाल्ली. तिला तूप नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा आटोपल्यावर जोडी मिळाली. दोर बांधला. बाबांनी इतक्या वर्षांनी कासरा हातात घेतला आणि गुडघे विसरून पटातली आरोळी ठोकली. बैल असे काही उसळले की गाडी नाली ओलांडून थेट रस्त्यावर! हजारो माणसं टाळ्या पिटत होती, निदान मला तरी तसं वाटलं. तेवढ्यात पेपरवाला फोटो काढताना दिसला. बैलांच्या मागे ओढली जाणारी रेसची गाडी आणि तिच्या स्टेअरिंगवर मी! जिल्ह्यात तोंड दाखवायला जागा राहावी म्हणून मी चटकन हेल्मेट चढवलं.

फोटो सुरेख आला. बाबा हसरे, बैल रुबाबदार, माझा चेहरा कुठेच नाही. हेल्मेटवरचं नाव, गाव आणि जिल्हा मात्र चष्मा न लावताही वाचता येत होतं.