दिसलं तेवढंच

बातमी आली तेव्हा मी हॉटेलच्या किचनमध्ये बटाटे सोलत होतो. स्वीडनमध्ये हिवाळ्यात दुपारीच अंधारून येतं. खिडकीबाहेर बर्फावर दिव्यांचा पिवळा उजेड सांडला होता. मामेभावाचा आवाज आला, “बाळ्या, आप्पा गेले रं…” आणि मागं घरातल्या माणसांची कुजबुज. गावाकडं दिवेलागण झाली असणार. मी फोन खांद्याशी धरून सोलतच राहिलो आणि हातातला बटाटा लिंबाएवढा झाला. त्याला आता काही आठवडे झाले. मी नववीतून शाळा सोडलेला माणूस, लिहिताना हात कचरतो. काहीतरी वावगं लिहिलं जाईल, कुणाला त्याचा त्रास होईल, असं सारखं वाटतं. पण आज मी इथं मोकळा फिरतो तो आप्पांमुळं. एवढं तरी सांगायलाच पाहिजे.

आप्पा म्हणजे माझे थोरले मामा. निपाणीजवळ त्यांचं गाव, तंबाखूचं शेत, आणि पंचक्रोशीत ओळख एकच: कोर्टात जामीन राहणारा माणूस. बांधावरून कुणाचं डोकं फुटो, जत्रेतल्या मारामारीची केस होवो, घरची माणसं आधी आप्पांच्या सोप्यात येऊन बसायची. मग आप्पा धुतलेली टोपी चढवून, शेताचा उतारा पिशवीत टाकून निपाणीला निघायचे. मामी चिडायची, असल्यांच्या पायी एक दिवस आपलं शेत जाईल म्हणायची. आप्पांचं उत्तर ठरलेलं. “त्यो पळून जाणार न्हाय, एवढंच मी सांगतोय. केलंय का न्हाय, ते जज्जसाहेब बघतील.”

मी आधी बेळगावात खडेबाजारातल्या एका खानावळीत होतो, तिथून ओळखीनं इकडं आलो. कामावरून सुटलो की आप्पांना व्हिडिओ कॉल लावायचो. ते माझं तोंड फारसं बघायचेच नाहीत. “फिरव रं फोन,” म्हणायचे. मग मी फोन पुढं धरून चालायचो आणि आप्पा तिकडं सोप्यात बसून या शहरातून फिरायचे. गोठलेली नदी, खिडकीखिडकीत टांगलेले कागदी तारे, स्वेटर घातलेलं कुत्रं… त्यांना सगळं बघायचं असायचं. कधी बोलणं थांबायचं. माझ्या बुटाखाली बर्फाची करकर, आणि फोनमध्ये घुमणारा तिकडचा वारा. वाटायचं, दोन्ही गावं एकाच स्वप्नात आहेत आणि आम्ही दोघं मधल्या पाणंदीनं चाललोय…

एके दिवशी खोलीवर पोलीस आले. आदल्या संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका म्हाताऱ्या दुकानदाराला ढकलून कुणीतरी गल्ला नेला होता. बघणाऱ्यानं सांगितलेलं जाकीट, रंग, उंची, सगळं माझ्याशी जुळत होतं. मला कोठडीत ठेवलं. मारलं नाही, कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. सरकारी खर्चानं वकील दिला, दुभाषा दिला, गप्प राहायचा हक्क आहे हे समजावलं. पण फोन नाही, भेट नाही. तपास चालू असताना पुराव्यात ढवळाढवळ नको म्हणून. पुढं कोर्टापुढं नेलं, तिथंही कोठडी कायम झाली. भीतीनं ती संध्याकाळ माझ्या डोक्यातून पुसूनच गेली. बसनं आलो एवढं आठवायचं. कोणती बस, कोणता थांबा, काही सांगता येईना. गुन्हा शाबीत झाला तर तुरुंग, आणि नंतर बहुतेक देशाबाहेर… भिंतीकडं बघत मी एवढंच घोकत होतो.

खोलीवरच्या मित्रानं गावाकडं कळवलं. आप्पांनी लगेच उतारा काढून ठेवला. मित्रानं त्यांना समजावलं की स्वीडनमध्ये जामीन ही भानगडच नाही. शेत चालत नाही, पैसाही चालत नाही. मामी सांगते, कितीतरी वेळ तो कागद मांडीवर घेऊन आप्पा बसून होते. मग म्हणाले, “मग तिथं माणूस कुणाच्या शब्दावर सुटतोय?”

माझ्या फोनमध्ये त्या संध्याकाळचा आप्पांचा कॉल निघाला होता. इथं तपासाची सूत्रं सरकारी वकिलाच्याच हातात असतात. माझ्या तपासावर एक सरकारी वकीलबाई होत्या. त्यांनी आप्पांना विचारायला सांगितलं आणि दुभाष्याला घेऊन पोलिसांनी गावाकडं फोन लावला. पुढचं मामीकडून ऐकलेलं. आमचा कॉल चोरीच्या थोडा आधीच तुटला होता. मामी शेजारी बसून कोपरानं ढोसत होती, जेवणं होईस्तोवर बोलत हुतो म्हणा की. आप्पांनी फोनवर हात ठेवला. “जामिनाला शेत लावता येतंय गं. साक्षीला दिसलं तेवढंच लावता येतंय.” आणि पोलिसांना त्यांनी सांगून टाकलं की रेंज गेली, फोन तुटला, त्यापुढं पोरगं कुठं गेलं ते आपल्याला माहीत नाही. मामीनं तिथंच डोळ्याला पदर लावला. तुटायच्या आधी काय दिसत होतं, असं तिकडून विचारलं. आप्पा म्हणाले, बस थांबली होती, एक बाई बाळाची ढकलगाडी चढवत होती, चाक अडकलं होतं. “मी म्हटलं, उचलू लाग की तिला. उचललं का न्हाय द्येव जाणे. आळशी हाय त्यो.”

बसमधल्या कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं. कॉल तुटल्याची वेळ आणि ती ढकलगाडी, एवढ्यावरून वकीलबाईंनी बस हुडकली आणि पुसायच्या आत ते मागवून घेतलं. त्यात मी होतो, ढकलगाडीचं पुढचं चाक उचलताना. आणि बस पुढं निघाल्यावर, दुकानात चोरी झाली त्याच वेळी, खिडकीशी बसलेला. बाईंनी मला सोडलं, पुढं माझ्यावरचा तपासही बंद केला.

नंतर कितीतरी संध्याकाळी आप्पा त्याच विषयावर यायचे. “ज्यानं कोंडायचं, त्यानंच सोडायचं कारणबी हुडकायचं?” मी म्हणायचो, व्हय आप्पा, इथला कायदाच तसा हाय, आरोपीच्या बाजूचंही सरकारी वकिलानंच बघायचं असतंय. त्यावर एकदा ते म्हणाले, “लई अवघड काम दिलंय रं त्या बाईला.”

आप्पांच्या तेराव्याला मला जाता आलं नाही. नेमकं त्याच सकाळी इथल्या कोर्टात मला साक्षीला बोलावलं होतं. आमच्या हॉटेलच्या दारात मारामारी झाली होती, मालकांना लागलं होतं, आणि मी तिथंच होतो. मी कोठडीत असताना माझी नोकरी त्यांनीच राखून ठेवली होती. त्यांच्या उपकाराखाली मी आहे, आणि पोलिसांनी पकडलेल्या माणसाला मी ओळखावं एवढीच त्यांची इच्छा. न्यायाधीशाशेजारी तुमच्याआमच्यासारखी साधी माणसं न्यायाला बसली होती. आरोपीला तिथं शपथ देत नाहीत, साक्षीदाराला देतात. मी घेतली. मारणारा हाच का, असं मला विचारलं. समोर बसलेल्या आरोपीचा पाय टेबलाखाली थरथरत होता. मी सांगितलं, बूट दिसले, पाठ दिसली, तोंड दिसलं नाही.

टेबलाखालचा पाय थांबला. बाहेर पायऱ्यांवरून मालक माझ्याशी न बोलता उतरून गेले. आता नोकरीचं काय, हा विचार होताच, तरी हलकं वाटत होतं… बर्फ भुरभुरत होतं. गावाकडं त्या वेळी तेराव्याच्या पंगती बसल्या होत्या. पण दिसलं तेवढंच सांगून आलेला मी तिथं नव्हतो, असं मला अजूनही वाटत नाही.