युगांडात गेलेलं टिश्यूचं पाकीट

युगांडाला निघालोय म्हटल्यावर सिंगापुरातल्या आमच्या हौगांग भागातल्या मित्रमंडळींनी एकसुरात विचारलं, "सफारी?" "निर्वासितांची वस्ती," मी म्हणालो. लगेच सगळ्यांना आपापल्या मुलांची ट्यूशन आठवली. तिथल्याच वन-नॉर्थ या टेक-पार्कमधली आमची कंपनी सोलर पंप विकते. दक्षिण सुदानच्या युद्धातून पळून आलेल्यांच्या वस्तीत आमचा पंप बसणार होता. लेकीने अस्सल सिंगापुरी 'ला' लावून निरोप दिला, "बाबा, तिथे सिंगापूर कसं घडलं ते सांगत बसू नका, प्लीज ला!"

जाणार असाल तर पिवळ्या तापाचं इंजेक्शन आधी घ्या. सर्टिफिकेट खरंच बघतात. एन्टेबे विमानतळाहून उत्तरेला जीपने अख्खा दिवस, आणि वाटेत नाईल! पुलाखाली ती अशी उसळते की मी, पन्नाशीचा गृहस्थ, खिडकीतून अर्धा बाहेर. रस्त्याकडेला रोलेक्स खाच. घड्याळ नव्हे, चपातीत गुंडाळलेलं आमलेट. आमच्या सिंगापूरच्या हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे सरकारी खाऊगल्लीतल्या, कॉफीहून स्वस्त.

वस्ती म्हणजे तंबू, ही माझी टीव्हीवरची समजूत. इथे मातीची घरं, भुईमूग, मोबाईल रिचार्जची दुकानं, चक्क निवडून आलेली कमिटी. सरकार निर्वासितांना जमिनीचा तुकडा आणि कामधंद्याची मुभा देतं. आमच्या पुण्याच्या सोसायटीत भाडेकरूला पार्किंग द्यायचं तर सभा उधळते. "पण मदत देणारे देश भाषणं वाढवतात आणि रेशन कमी करतात," ड्रायव्हर मोझेस म्हणाला. म्हणून जो तो काहीतरी विकत होता.

वस्तीतल्या हातपंपासमोर ग्रेस नावाच्या बाईची चहा-चपातीची टपरी. गर्दी बघून मी सवयीने बाकावर टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि हात धुवायला गेलो. परत येतो तर बाकावर एक आजोबा, पाकीट ग्रेसच्या हातात.

"सर, हे विसरलात."

"विसरलो नाही. आमच्याकडे अशीच जागा धरतात."

"कागदाने?" टपरी खो-खो हसली. तिने पंपापाशी रांगेत लावलेल्या पाण्याच्या पिवळ्या कॅनकडे बोट दाखवलं. कॅन रांगेत, मालकिणी तिच्या बाकांवर चहा पीत. "आम्ही याने धरतो. वाऱ्याने उडत नाही."

मग हळूच, "तुमच्या पंपाचा नवा नळ कुठे येणार?"

मी नकाशा दाखवला. वस्तीच्या दुसऱ्या टोकाला, ऑफिसपाशी. तिचं हसू मावळलं. "रांग तिकडे गेली तर माझा चहा कोण पिणार?"

नकाशा मीच काढलेला, एसीत बसून. "पाइप इथपर्यंतही आणता येईल," मी म्हणालो. "पण जागा उद्या कमिटी ठरवणार."

दुसऱ्या दिवशी कमिटी जागा बघायला आली, तर टपरीशेजारी दगडाखाली माझंच टिश्यूचं पाकीट!

"ही जागा धरलेली आहे," ग्रेसने ठणकावलं. "सिंगापूरची पद्धत आहे. विचारा सरांना."

सिंगापूर म्हटल्यावर कमिटीचे अध्यक्ष सावरून उभे राहिले. आपला देश सिंगापूर करून दाखवण्याचं वचन तिथल्याही पुढाऱ्यांना पाठ असतं. मग काय, लेकीची ताकीद गुंडाळून ठेवली आणि सिंगापूर कसं घडलं ते मी सगळं सांगितलं. रांगेशेजारी चहा असतो म्हणूनच देश पुढे जातो, इथपर्यंत ताणलं. अध्यक्षांनी मान डोलावली आणि नकाशावरची ऑफिसपाशीची फुली खोडून टपरीपाशी मारली.

परत आल्यावर आठवडाभर मी सगळ्यांना नाईल ऐकवत होतो. मग एका दुपारी हॉकर सेंटरमध्ये ताट घेऊन टेबल शोधत फिरत होतो, सगळीकडे टिश्यूची पाकिटं. तेवढ्यात फोन वाजला. ग्रेसने पाठवलेला फोटो: नवा नळ, पिवळ्या कॅनची लांबलचक रांग, आणि टपरीत नवा बाक. बाक भरलेला, फक्त टोकाशी दगडाखाली टिश्यूचं पाकीट.

खाली लिहिलं होतं, "सर, तुमची जागा धरून ठेवली आहे."