साळवे गुरुजींच्या आवाजातलं श्रुतलेखन

चहा सावकाश प्या. मी घातलेला घोळ ऐकून ठसका लागला तर मला बोल लावू नका.

मी सिडकोतल्या एका लहानशा हापिसात कॉम्प्युटरवरचे धडे बनवतो. त्यात ट्रिगर नावाची भानगड असते. म्हणजे काय, तर अमुक झालं की तमुक कर. उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजव, चुकलं की रागव. आमच्या गावात, फुलंब्रीच्या पुढं, ही पद्धत साळवे गुरुजींनी कॉम्प्युटरच्या लई आधी आणली होती. त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरला की आख्खा वर्ग आपोआप कान धरायचा. तोंडानं बोलायची गरजच नव्हती. त्या वर्गाची अजून आठवण येते हो.

म्हणून श्रुतलेखनाचा धडा करायचं काम आलं, तेव्हा मी थेट गुरुजींचं घर गाठलं. म्हणलं, आवाज तुमचाच पाहिजे. गुरुजींनी वाक्यं सांगितली, वर रागावून पण दिलं, जुन्याच शब्दांत. मी ट्रिगर बसवले. पहिल्यांदा चुकलं की "नीट ऐक". दुसऱ्यांदा "झोपलास काय रे?" तिसऱ्यांदा "कान धर, उभा राहा", आणि पान बंद. एकाला एक अडकवत गेलो. तपासलं का म्हणता? तपासलं की. मी स्वतः उत्तरं टाकली, दर वेळी टाळ्या वाजल्या.

मग आमच्याच शाळेत पडदा लावला. पोरं दाटीवाटीनं बसली. पहिला मान गुरुजींचा. त्यासाठी ते सुनेकडून मराठी टायपिंग शिकले होते.

"दिलप्या, पोरांपुढं फजिती नको रे," ते माझ्या कानात म्हणाले. "रिटायर माणसाला शाळेत परत कोण बोलावतं? एवढी लाज राख."

"गुरुजी, मी हाय ना," मी म्हणलो. तिथंच चुकलं.

कॉम्प्युटर गुरुजींच्या आवाजात बोलला, "पाटी तिथे ठेव." गुरुजींनी एका बोटानं, काना-मात्रा सांभाळत, वाक्य उमटवलं.

"नीट ऐक," कॉम्प्युटर म्हणाला. पोरं खुदखुदली.

"वाक्याच्या शेवटी मोकळी जागा सुटली असेल, गुरुजी." मी आपलं ठोकून दिलं. त्यांनी पुसून परत लिहिलं.

"झोपलास काय रे?"

गुरुजींनी एकेक अक्षर पुटपुटत तिसऱ्यांदा लिहिलं. "कान धर, उभा राहा." पान बंद. मी सगळी बटणं दाबून पाहिली, ढिम्म हलेना.

गुरुजी शांतपणे उठले आणि दोन्ही कान धरले. "नियम माझाच हाय," म्हणाले, "मला बी लागू." पोरांचं हसू कुठल्या कुठं गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घाईघाईनं ट्रिगर उघडला. पडदा चालूच आहे, हे कोणाच्या ध्यानात? आख्ख्या वर्गानं एका सुरात वाचलं, "बरोबर उत्तर: पाटी तिथं ठेव."

"हे कोणी टाकलं?" गुरुजींनी कान न सोडता विचारलं.

"मी."

"मी काय सांगितलं होतं?"

"तिथे."

"चौथीत याच अनुस्वारापायी तुला बाकावर उभं केलं होतं ना?"

"व्हय गुरुजी."

गुरुजींनी कान सोडले. चेहऱ्यावरचा ताण उतरला, मला जरा हायसं वाटलं. मग त्यांनी खिडकीजवळच्या कोपऱ्याकडं बोट केलं. "जा, तिथं उभा राहा."

आता माणसानं गप बसावं की नाही?

"गुरुजी," मी म्हणलो, "तिथे."

चष्मा सावकाश घसरत नाकाच्या शेंड्यावर आला. आणि माझे हात, देवाशपथ सांगतो, मला न विचारता कानांवर गेले. त्या दिवशी बरोबर चाललेला ट्रिगर तेवढा एकच, आणि तो गुरुजींनी बसवलेला.