दुधाचा दुसरा ग्लास
आमच्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत म्हैस पिळून दूध देतात, त्या ताज्या दुधाच्या फेसाचा वास आला, की मला हल्ली थकवाच येतो. आमचा एक मित्र रोज संध्याकाळी बायकोला घेऊन तिथं यायचा. गडी एवढा धिप्पाड, की तो आला की म्हैस सरकून जागा द्यायची. त्याला लघवीला जळजळ सुरू झाली आणि तपासणीत बाहेरून आणलेला गुप्तरोग निघाला. सोबतीला त्यानं मला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आठवडाभर गोळ्या घ्या आणि बायकोलाही आणा. तिला त्रास नसला तरी औषध लागेल, नाहीतर तुम्ही बरे होऊन पुन्हा घरातूनच घ्याल." हा डोंगर माझ्या आड लपून पुटपुटला, "माझ्याच गोळ्या तिला गुपचूप दुधातनं दिल्या तर?" बाई दमल्या आवाजात म्हणाल्या, "दुधानं या गोळीचा जोर जातो. पाण्याबरोबर घ्यायची, आणि तिला सांगून." त्यानं बायकोला सांगितलं; कसं, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी दवाखान्यातून तिघं कट्ट्यावर आलो, तर यानं सवयीनं तिघांचं दूध मागवलं. वहिनींनी आपला ग्लास परत सरकवला. "मला नगं. गोळी घ्यायची हाय," एवढंच बोलून त्या पाण्याची बाटली घेऊन एकट्याच घराकडं चालू लागल्या. आजार गेला, त्यालाही वर्षं झाली. मित्र अजून कट्ट्यावर येतो, एकटाच, आणि अजून दोन ग्लास मागवतो. दुसरा मला प्यावा लागतो.