आडोशाला थांबलं की बरं वाटतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सभांमध्ये घसा फोडतो, धाड गावच्या बाजारात पत्रकं वाटतो — एकाही पत्रकात हे नाही. उलट खोटं आहे.

आधी गेमचं सांगतो. लढाईचा तो गेम, ज्याचे भाग वर्षानुवर्षं येतच राहिले. मला सगळे पाठ. पहिला भाग दुसऱ्या महायुद्धाचा. त्यात गोळी लागली की औषधाची पेटी शोधावी लागायची. पुढच्या भागात पेटीच काढून टाकली! भिंतीच्या आडोशाला थांबायचं — पडद्यावरचं लाल आपोआप उतरतं, जवान पुन्हा पळायला लागतो. मग युद्ध आजच्या काळात आलं, मग भविष्यात गेलं. दर भागाला नवा शत्रू. बीटी कपाशीचं बियाणं तरी वेगळं कुठे आलं? पहिलं फसलं की दुसरं, 'आता अळी लागणारच नाही' म्हणत. अळी लागली. फवारण्या वाढल्या. हे मी छापलं, टाळ्याही घेतल्या.

पण दादाला फवारणीचं विष बाधलं त्या दिवशी मी कुठे होतो?

फवारणीला आम्ही दोघं भाऊ असायचो. एकाच्या पाठीवर पंप. दुसऱ्याने पाणी आणायचं, वारा बघायचा. चार पंप झाले की पाळी बदलायची. कपाशी डोक्याइतकी झाली होती. मी दादाला म्हणालो, ताप आहे — आणि साखरखेर्ड्याला मित्राच्या दुकानात जाऊन बसलो. गेमचा नवा भाग आला होता ना!

फोन आला. "कुठं हायस बे? डोळ्यापुढं अंधारी येऊन राह्यली. गाडी घेऊन ये."

"सावलीत बस दादा दहा मिनिटं. उतरते आपोआप."

असं म्हणालो मी. पडद्यावरची नजरही न काढता. फोन उलटा ठेवला. तो आणखी दोनदा वाजला.

शेजारच्या शेतातल्या सलीमचाचांनी त्याला दवाखान्यात नेलं. दादा वाचला. उजवा डोळा गेला. डाव्याने माणसाचा आकार तेवढा कळतो.

आणि मी काय छापलं? 'फोनला रेंज नव्हती, म्हणून मदत पोचली नाही.' कंपनीला झोडलं, सरकारला झोडलं, टॉवरलाही झोडलं! कंपनी, सरकार दोषी आहेतच — त्यातला शब्द मागे घेत नाही. पण फोन लागला होता. मी उचलला होता.

परवा सभेत एका म्हाताऱ्याने दादाला विचारलं, "भावाले फोन नाही केला का गा?"

दादाने मी उभा होतो तिकडे तोंड वळवलं.

"केला ना," म्हणाला. "रेंज नव्हती."

माईक माझ्या हातात होता. मी पुढचा मुद्दा वाचला.