सुधाकरच्या दुकानातले गुलाबी चेहरे

कवळ्या बसवायच्या दुकानात गिऱ्हाईक तोंड उघडून बसतं आणि बोलायचं काम बाकीच्यांना करावं लागतं. त्यामुळं धाडच्या बाजारात सुधाकरच्या दुकानाइतके किस्से दुसरीकडं कुठं साचत नाहीत. मी जन्मभर बैलांना नाल ठोकले. हात थकले तसा सुधाकरच्या बाकड्यावर बसायला लागलो. सोबत नामदेव आणि कोंबड्या विकणारा रहीमभाई. हसायचो खूप, पण घरी जाताना मागं वळून वळून पाहायचो.

कारण सुधाकरला रोम लागलं होतं!

लागलं म्हणजे, भूत लागतं तसं. मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून हा माणूस दोन हजार वर्षं मागं गेला. त्याच्या वडिलांचा घरात एकच फोटो, त्यातला चेहरा ओलीनं खाल्लेला. खांदे शाबूत, वर पांढरा डाग. मग कुठंसं त्यानं ऐकलं, की रोमचे मोठे लोक बापजाद्यांचे मेणाचे चेहरे करून दारातल्या कपाटात ठेवायचे. घरात कोणी मेलं की ते चेहरे घालून माणसं मयतीपुढं चालायची.

"आपल्या देव्हाऱ्यात पितरांचे टाक असतात, तसंच समज," मी म्हणालो.

"आबा, टाकावर नाक तरी ओळखू येते काय? मेण हाय, प्लास्टर हाय, माझा धंदाच तो हाय. मी तुमचे चेहरे करतो!"

आम्ही तिघंही एकदम चहा प्यायला उठलो.

*

नामदेवचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, बुलढाण्याला. सुधाकर म्हणाला, "थांबा. रोममधी लढाईच्या आधी कोंबड्याइले दाणे टाकत. खाल्ले त जा, नाही खाल्ले त जाऊ नका."

रहीमभाईच्या कोंबड्या आणल्या, ज्वारी टाकली. कोंबड्यांनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. एकीनं तर पाठ फिरवली.

नामदेवचं तोंड उतरलं. रहीमभाई ओरडला, "अरे बाबा, आत्ताच पोटभर चारून आणल्या मी त्या!"

"पोट भरल्यावर बी माणूस शेव खातेच ना?" नामदेव म्हणाला. "त्याइले काहीतरी दिसलंच असन!"

तो गेला नाही. एक डोळा पांढरा राहिला तो राहिलाच.

*

पुढं सुधाकरच्या मनात आलं, की बापाचा चेहरा आपल्याजवळ नाही म्हणून बाप रुसून घरात फिरत असेल. रोमवाले अशा वेळी अनवाणी चालत, मागं न पाहता काळे दाणे टाकत जायचे. हे अर्ध्या रात्री करायचं असतं. पण सुधाकरला अंधाराचं भ्या, म्हणून त्यानं दिवेलागणीलाच उरकलं. काळे उडीद घेतले, घरभर टाकले, आणि मागं पाहायचं नाही म्हणून तसाच गल्लीभर टाकत गेला!

सकाळी दारोदारी काळे उडीद. आपल्याकडं याचा अर्थ काय होतो, ते काय सांगायचं! बाया नळावर जाईनात. कोणाला त्यात लिंबूही दिसलं, कोणाला हळदकुंकू.

सुधाकर हात जोडून सांगत फिरला, "अहो, करणी नाही! हे रोमचं हाय!"

त्यानं लोक जास्तच घाबरले. एक म्हातारी रडायलाच लागली, "इथली करणी उतरवता येते रे! तिकडची कोणाच्या बापाले उतरवता येईन?"

शेवटी रहीमभाईनं कोंबड्या सोडल्या. त्यांनी एक दाणा ठेवला नाही. नामदेव एका डोळ्यानं पाहत बसला. "आता बरं खाऊन राह्यल्या," एवढंच बोलला.

*

पहिला चेहरा नामदेवनंच दिला. "डोळे मिटूनच बसाचं हाय ना? मले काय, अर्धं मिटलेलंच हाय!"

कवळीचं मेण हिरडीच्या रंगाचं असतं. त्यामुळं तव्यासारखा काळा नामदेव गुलाबी होऊन भिंतीवर लागला. सुरकुत्या त्याच, ओठ तसाच वाकडा. तो स्वतःच त्याच्याखाली बसायला तयार होईना.

महिनाही झाला नसेल. झोपेतच गेला.

मुलाला त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणून तिरडी उचलली, आणि पुढं सुधाकर निघाला. तोंडावर नामदेव, डोक्यावर नामदेवची टोपी, चालही त्याच्यासारखी एका पायावर झुकती. खांदेकरी थबकले. बाया रडायच्या थांबल्या. इतकी शांत मयत मी कधी पाहिली नाही.

त्या शांततेत रहीमभाई माझ्या कानाशी आला. "आबा, एक नामदेव त पोचवून येऊ. दुसऱ्याचं काय करायचं?"

*

मग बाकडं ओस पडलं. चेहरा दिला की माणूस जातो, असं गावानं ठरवूनच टाकलं. कवळी बसवायला येणारेही आधी विचारायचे, "फक्त दातच ना?"

रहीमभाईनं दुकानावरून जाणं सोडलं. मी जात राहिलो, पण दाराशी बसायचो. सुधाकर नुसता माझ्या नाकाकडं पाहायचा.

घरी बायकोला सांगितलं. वाटलं, ही म्हणेल, पाऊल टाकू नका तिथं. ती भाकरी थापत म्हणाली, "द्या ना. तुमचा एक बी फोटो नाही घरात."

"अन् मी गेलो त?"

"म्हणून त म्हणते, आधी देऊन या."

*

गेलो. तेल चोळलं, नाकात दोन नळ्या दिल्या, वरून प्लास्टर. ते सुकताना तापतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नाल ठोकायला पाडलेला बैल डोळे का फिरवतो, ते त्या दिवशी कळलं. "आबा, झालंच. हलू नका," सुधाकर म्हणत होता, आणि माझ्यापर्यंत आवाज विहिरीतून यावा तसा येत होता.

त्यानंतर मी दिवस मोजत होतो. छातीत जरा कळ आली की पाणी प्यायचो. शिंक आली तरी टेन्शन.

एकदा बाजारातून मेथी घेऊन लवकर परतलो. आत बायको कोणाशी तरी बोलत होती.

"तिखट झाली काय भाजी? मंग सांगाचं ना. खोकला कसा हाय आज?"

मी दारातच उभा राहिलो. भिंतीला टेकून पाटावर माझा गुलाबी चेहरा ठेवला होता. मी बाहेर असताना सुधाकर देऊन गेला असावा. त्याच्या डोक्याला माझा रुमाल बांधलेला. समोर ताट वाढलेलं, भाकरी कुस्करून दिलेली, मला लागते तशी.

"कोणाशी बोलून राह्यली वं?"

तिनं मान वळवली नाही.

"सवय करून राह्यली."

मी चप्पल काढून आत गेलो, हात धुतले, नेहमीच्या जागेवर बसायला लागलो. तिनं हात आडवा केला.

"जरा थांबा," ती म्हणाली. "आधी यांचं होऊ द्या."